लढाऊ विमानांचे दुसरे आयुष्य : खासगी मालकी आणि ओझरचा वारसा

लढाऊ विमान हे राष्ट्राच्या तिजोरीतून विकत घेतले जाते, राष्ट्राच्या सैन्याकडून उडवले जाते आणि निवृत्त झाले की मोडीत काढले जाते किंवा एखाद्या चौकात खांबावर उभे केले जाते, अशी भारतीय वाचकाची स्वाभाविक समजूत असते. जगाच्या इतर काही भागांत मात्र गेली सुमारे ऐंशी वर्षे याला समांतर असा दुसरा इतिहास घडत आला आहे. सैन्याने नाकारलेली लढाऊ विमाने नागरिकांनी विकत घेतली, दुरुस्त केली, नागरी नोंदणी क्रमांक लावून पुन्हा आकाशात नेली, आणि या उद्योगातून छंद, व्यवसाय, संग्रहालये व काही भीषण अपघातही निर्माण झाले. या इतिहासात भारताचा वाटा वरवर पाहता शून्य दिसतो, परंतु बारकाईने पाहिल्यास परदेशांतील खासगी ताफ्यांमधील काही मौल्यवान विमाने भारतातूनच गेलेली आढळतात. भारतीय विमानांची दुरुस्ती, निर्मिती आणि निवृत्ती यांच्याशी पुणे, नाशिकजवळचे ओझर आणि मुंबई या ठिकाणांचा निकटचा संबंध असल्याने हा विषय महाराष्ट्राच्या इतिहासाचाही आहे.

संस्थानिकांचा पैसा, साम्राज्याची विमाने

खासगी धनाचा लढाऊ विमानांशी आलेला पहिला संबंध मालकीचा नव्हता, तो देणगीचा होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी, १९१८ मध्ये, ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला डी.एच. ९ए जातीची विमाने हैदराबादच्या निजामाच्या देणगीतून मिळाली आणि त्या स्क्वाड्रनच्या नावाला ‘हैदराबाद’ हा शब्द कायमचा जोडला गेला. आजचा मराठवाडा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे संस्थानच्या महसुलातून झालेल्या या खर्चाशी मराठी रयतेच्या श्रमाचाही संबंध होता. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमाने उडवणाऱ्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने गायकवाडांच्या बडोद्याचे, तर १३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने मुंबई शहराचे नाव धारण केले. या व्यवहारात पैसा देणाऱ्याला विमानावर कोणताही अधिकार नव्हता. त्याला मिळत असे ते फक्त नाव. राज्यसंस्था आणि व्यक्ती यांच्यातील ही विभागणी पुढच्या साऱ्या कथेत वेगवेगळ्या रूपांत परत येते.

युद्धोत्तर मोड आणि पहिले खासगी ताफे

१९४५ मध्ये युद्ध संपले तेव्हा विजेत्या राष्ट्रांकडे इतकी विमाने शिल्लक होती की ती सांभाळण्याचा खर्च हाच प्रश्न झाला. अमेरिकेने युद्धसामग्रीची विक्री करण्यासाठी स्वतंत्र शासकीय यंत्रणा उभारली, आणि हजारो विमाने वितळवून त्यांचे ॲल्युमिनियम काढण्यासाठी भंगारवाल्यांच्या स्वाधीन झाली. याच काळात हॉलिवूडच्या चित्रपटांसाठी धाडसी उड्डाणे करणारे वैमानिक पॉल मँट्झ यांनी १९४६ मध्ये ओक्लाहोमा राज्यातील स्टिलवॉटर येथील सुमारे ४७५ विमानांचा ताफा ५५,००० डॉलरना विकत घेतला. या विमानांच्या टाक्यांतील इंधन विकून त्यांनी खर्चाचा मोठा भाग वसूल केला, बहुतेक विमाने मोडीत दिली आणि काही निवडक विमाने स्वतःसाठी ठेवली. त्यांपैकी मस्टँग या लढाऊ विमानातून त्यांनी १९४६, १९४७ आणि १९४८ अशी सलग तीन वर्षे बेंडिक्स ही देशव्यापी विमान शर्यत जिंकली. लढाऊ विमान नागरिकाच्या हातात अधिक वेगाने आणि अधिक काटेकोरपणे चालू शकते, हे यातून प्रथमच जाहीरपणे सिद्ध झाले.

पुढील दशकात ही आवड संघटित झाली. टेक्सासमध्ये १९५७ मध्ये लॉइड नोलन आणि त्यांच्या मित्रांनी वर्गणी काढून एक मस्टँग घेतले, आणि त्यातून आज ‘कमेमोरेटिव्ह एअर फोर्स’ या नावाने ओळखली जाणारी संस्था उभी राहिली. या गटाचा हेतू नफ्याचा नव्हता. ज्या विमानांनी युद्ध लढले त्यांच्या प्रत्येक जातीचे किमान एक विमान उडत्या स्थितीत राहावे, हे उद्दिष्ट त्यांनी ठेवले. शासनाने ज्या वस्तू भंगार म्हणून विकल्या त्यांना वारसा मानण्याची ही दृष्टी नागरिकांकडून आली, सैन्याकडून आली नाही.

कानपूरचे भंगार आणि पुण्याची लिबरेटर

भारतातही १९४६-४७ मध्ये युद्धशिल्लक विमानांचा बाजार भरला होता, पण त्याचे वळण वेगळे होते. येथील व्यापाऱ्यांनी आणि संस्थानिकांनी घेतली ती प्रामुख्याने मालवाहू डाकोटा विमाने, कारण त्यांतून प्रवासी सेवा सुरू करता येत होती, आणि एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया, अंबिका एअरलाइन्स यांसारख्या मुंबईच्या कंपन्या त्या स्वस्त डाकोटांवर चालल्या. १९५३ च्या हवाई महामंडळ कायद्याने प्रवासी सेवा सरकारी झाली, आणि विमान ही खासगी मालमत्ता असण्याची ही लहानशी परंपरा बहुतांशी खंडित झाली. लढाऊ आणि बॉम्बफेकी विमानांच्या बाबतीत पुनर्वापराचे काम राज्यसंस्थेनेच हाती घेतले.

त्यातील सर्वांत विलक्षण प्रकरण लिबरेटर या चार इंजिनी बॉम्बफेकी विमानांचे आहे. युद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाई दलाने ही विमाने कानपूरच्या तळावर सोडून दिली आणि ती पुन्हा उडू नयेत म्हणून त्यांची मुद्दाम नासधूस केली. स्वतंत्र भारताकडे जड बॉम्बफेकी विमाने नव्हती, म्हणून १९४८ मध्ये बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याच्या तंत्रज्ञांनी या भंगारातून एकेक विमान जुळवण्यास सुरुवात केली. कारखान्याचे चाचणी वैमानिक जमशेद मुनशी ही तात्पुरती जुळवलेली विमाने कानपूरहून बंगळूरला उडवत नेत आणि तेथे त्यांची पूर्ण दुरुस्ती होई. अशा रीतीने चाळीसच्या आसपास विमाने सेवेत आली. पुढे पुण्याच्या सहा क्रमांकाच्या स्क्वाड्रनने याच विमानांतून अरबी समुद्रावर टेहळणी केली, आणि १९६८ च्या अखेरीस ती निवृत्त झाली तेव्हा जगात कोणत्याही सैन्याकडे लिबरेटर उरलेली नव्हती. इतरत्र ही जात वीस वर्षांपूर्वीच वितळवली गेली असल्यामुळे भारतीय तंत्रज्ञांनी टिकवलेली विमाने अचानक दुर्मीळ ठरली.

भारतातून परदेशी गेलेली विमाने

या दुर्मीळतेची जाणीव परदेशी संग्राहकांना लवकर झाली. १९६९ मध्ये एक लिबरेटर भारतातून उडत अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात पिमा येथील संग्रहालयासाठी गेले, आणि १९७४ मध्ये दुसरे ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमकडे गेले. तिसऱ्याची कथा खासगी मालकीच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. ते १९८१ मध्ये ब्रिटिश संग्राहक डग आर्नोल्ड यांनी घेतले, १९८४ मध्ये अमेरिकेतील कॉलिंग्स फाउंडेशन या खासगी विश्वस्त संस्थेने त्यांच्याकडून विकत घेतले, आणि १९८९ मध्ये पूर्ण पुनर्बांधणीनंतर ते पुन्हा उडाले. कानपूरच्या ढिगाऱ्यातून भारतीय हातांनी वाचवलेले विमान त्यानंतर कित्येक दशके अमेरिकेच्या गावोगावी प्रदर्शनांत उडत राहिले.

लढाऊ विमानांचेही असेच झाले. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात भारतीय हवाई दलाने टेम्पेस्ट आणि स्पिटफायर ही पिस्टन इंजिनांची विमाने वापरली होती, आणि जेट विमाने आल्यावर त्यांतील अनेक विमाने विविध तळांवर व प्रशिक्षण संस्थांत जमिनीवर उभी राहिली. सत्तरच्या दशकात ऑर्मंड हेडन-बेली या ब्रिटनमधील वैमानिक-संग्राहकाने भारतातील स्पिटफायर शोधून काढली. ते स्वतः टी-३३ हे प्रशिक्षणाचे जेट विमान खासगी मालकीने उडवणाऱ्या त्या काळच्या मोजक्या लोकांपैकी होते, पण जुलै १९७७ मध्ये जर्मनीत मस्टँग उडवताना त्यांचा अपघाती मृत्यू झाला. भारतातील विमाने त्यानंतर त्यांच्या बंधूंमार्फत ब्रिटनला पोहोचली. त्यांपैकी एम.व्ही. २९३ हे बंगळूर येथे विद्यार्थी तंत्रज्ञांना शिकवण्यासाठी वापरले गेलेले स्पिटफायर पुढे डक्सफर्ड येथील ‘द फायटर कलेक्शन’ या खासगी ताफ्यात पुन्हा उडू लागले. रॉयल एअर फोर्स म्युझियममधील टेम्पेस्टही पूर्वीचे भारतीय विमान आहे.

या व्यवहारांत फसवणूक नव्हती. भारतीय दृष्टीने ती विमाने जुनी झाली होती आणि देशापुढे त्या वेळी अधिक निकडीच्या गरजा होत्या. तरीही परिणाम गंभीर झाला. स्वतंत्र भारताच्या हवाई दलाच्या पहिल्या युद्धाचे उडते साक्षीदार आज पाहायचे असतील तर भारतीय माणसाला इंग्लंडला जावे लागते.

जेटयुग, दोन अपघात आणि नियमांची घडण

पिस्टन इंजिनांच्या विमानाकडून जेटकडे गेल्यावर खासगी मालकीचे स्वरूप बदलले. जेट लढाऊ विमानाचे इंधन तासाभराच्या आत संपू शकते, उतरण्याचा वेग मोठा असतो, आणि वैमानिकाला संकटात बाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटमध्ये स्फोटक काडतुसे असतात, जी ठरावीक मुदतीनंतर बदलावीच लागतात. खरेदीची किंमत त्यामुळे दुय्यम ठरते. खरा खर्च मुदतबंद भागांचा, इंजिनाच्या तासांचा, प्रशिक्षित तंत्रज्ञांचा आणि विम्याचा असतो. विक्रीपूर्वी तोफा, शस्त्रे अडकवण्याची यंत्रणा, लढाऊ रडार आणि शत्रू-मित्र ओळखणारी उपकरणे काढून टाकली जातात, आणि या प्रक्रियेला निःशस्त्रीकरण म्हणतात.

अमेरिकेत अशा विमानांना ‘प्रायोगिक’ या वर्गात नोंदवले जाते. याचा अर्थ, विमानाला प्रवासी विमानासारखी पूर्ण उड्डाणयोग्यता मान्य झालेली नसून ते ठरावीक अटींवर, प्रदर्शन किंवा सराव यांसाठीच उडवता येते. या अटी किती आवश्यक आहेत हे २४ सप्टेंबर १९७२ रोजी स्पष्ट झाले. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे प्रदर्शनानंतर परतणारे एक खासगी सेबर जेट धावपट्टीवरून उचललेच गेले नाही, आणि रस्ता ओलांडून आइस्क्रीमच्या दुकानावर आदळले. २२ लोक मृत्युमुखी पडले आणि त्यांत १२ मुले होती. वैमानिकाला त्या जातीच्या विमानाचा अत्यल्प अनुभव होता, हे चौकशीत पुढे आल्यानंतर जेट लढाऊ विमान उडवण्यासाठी त्या विशिष्ट जातीची परवानगी आणि प्रत्यक्ष तपासणी आवश्यक करणारे नियम कडक झाले.

दुसरा अपघात ब्रिटनमधील आहे आणि त्यातील हंटर हे विमान भारतीयांच्या ओळखीचे आहे, कारण भारतीय हवाई दलाने १९५७ पासून २००१ पर्यंत ते वापरले आणि १९७१ मध्ये लोंगेवालाच्या लढाईत पाकिस्तानी रणगाड्यांचा संहार याच विमानांनी केला. २२ ऑगस्ट २०१५ रोजी शोरहॅम येथील प्रदर्शनात एक खासगी हंटर पुरेशी उंची नसताना आकाशात गोल फिरण्याचा प्रयोग करताना महामार्गावर कोसळले आणि रस्त्यावरील ११ लोक ठार झाले. त्यांतील बहुतेकांनी प्रदर्शनाचे तिकीटही काढलेले नव्हते. यानंतर ब्रिटिश नियामकाने जमिनीच्या वरून होणाऱ्या अशा जेट विमानांच्या हवाई प्रयोगांवर मोठी बंधने आणली. खासगी मालकी हा मालकापुरता मर्यादित धोका नसतो, तर विमानाखालच्या प्रत्येक घराचा आणि रस्त्याचा त्यात वाटा असतो, ही जाणीव या दोन अपघातांनी कायद्यात उतरवली.

शीतयुद्धानंतरचा पूर

१९८९ नंतर पूर्व युरोपातील समाजवादी राजवटी कोसळल्या आणि त्यांची सैन्ये लहान झाली. मिग-१५, मिग-१७, मिग-२१ आणि चेकोस्लोव्हाकियात बनलेली एल-३९ ही प्रशिक्षणाची जेट विमाने पाश्चात्त्य बाजारात आली, आणि पूर्वी जी विमाने शत्रूची म्हणून छायाचित्रांत पाहिली जात होती ती अमेरिकन नागरिकांच्या हँगरमध्ये उभी राहू लागली. अमेरिकेने स्वतःची आधुनिक लढाऊ विमाने मात्र नागरिकांना देणे टाळले. २००६ मध्ये निवृत्त झालेली एफ-१४ विमाने तर मोठ्या प्रमाणात चिरडून टाकली गेली, कारण हीच विमाने वापरणाऱ्या इराणकडे सुटे भाग जाण्याची भीती होती. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आला की वारशाचे मूल्य मागे पडते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

समुद्री हॅरियरचे प्रकरण भारताशी थेट जोडलेले आहे. उभ्याने उतरू शकणारे हे जेट भारतीय नौदलाने १९८३ पासून वापरले आणि २०१६ मध्ये गोव्याच्या आयएनएस हंसा तळावर त्याला निरोप दिला. ब्रिटिश नौदलाने आपली हॅरियर निवृत्त केली तेव्हा, २००६ च्या सुमारास, त्यांपैकी काही विमाने घेण्याचा विचार भारताने केला आणि तो सोडून दिला. त्याच काळात अमेरिकन मरीन दलाचे निवृत्त वैमानिक आर्ट नॉल्स यांनी त्याच जातीचे एक विमान खासगीरीत्या विकत घेतले आणि २००७ मध्ये ते पुन्हा उडवले; जगात खासगी मालकीचे उडते समुद्री हॅरियर म्हणून ते एकमेव ठरले. भारतातील या जातीची विमाने आता संग्रहालयांत स्थिर उभी आहेत, आणि गोव्यातील नौदल विमान संग्रहालय हे मराठी पर्यटकाला सर्वांत जवळचे ठिकाण आहे.

गेल्या दोन दशकांत खासगी मालकी छंदाकडून व्यवसायाकडे वळली. सैन्याच्या वैमानिकांना सरावासाठी शत्रूची भूमिका करणारी विमाने भाड्याने देणाऱ्या कंपन्या निर्माण झाल्या. अमेरिकेतील ड्रेकन कंपनीने न्यूझीलंडची स्कायहॉक आणि स्पेनची मिराज एफ-१ विमाने घेतली, तर टॉप एसेस या कंपनीने २०२१ मध्ये इस्रायलची जुनी एफ-१६ विमाने घेऊन ती उडवण्यास सुरुवात केली. येथे खासगी मालक पुन्हा राज्यसंस्थेच्याच सेवेत आला, पण करारावर आणि तासाच्या दराने.

ओझर मिग आणि भारतीय कायद्याची चौकट

नाशिक परिसरात आजही ‘ओझर मिग’ असेच म्हटल्या जाणाऱ्या कारखान्याची स्थापना १९६४ मध्ये मिग-२१ बांधण्यासाठी झाली. इंजिन ओडिशातील कोरापूट येथे, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादेत आणि सांगाडा ओझरला, अशी कामाची विभागणी होती, आणि १९७० मध्ये कच्च्या मालापासून भारतात बनलेले पहिले मिग-२१ हवाई दलाला मिळाले. पुढील काळात सहाशेहून अधिक मिग-२१ देशात तयार झाली, त्यानंतर मिग-२७ आणि सुखोई-३० ही विमानेही येथूनच बाहेर पडली. मुंबई-आग्रा महामार्गावरील हा कारखाना खानदेशाला परका नाही, कारण तोच महामार्ग पुढे धुळ्यातून जातो, आणि सावद्यापासून शिरपूरपर्यंतच्या तरुणांसाठी विमान बनवण्याचे सर्वांत जवळचे ठिकाण हेच आहे. जळगाव जिल्ह्यातील नाडगावच्या कन्या आणि तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी २५ नोव्हेंबर २००९ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-३० मधून उड्डाण केले, ते सशस्त्र दलांच्या सर्वोच्च सेनापती या नात्याने केले. भारतात एखाद्या नागरिकाला लढाऊ विमानापर्यंत नेणारा मार्ग घटनेने दिलेल्या पदातून जातो, पैशातून जात नाही, हे त्या उड्डाणाने अधोरेखित केले.

याचे कारण कायद्याच्या रचनेत आहे. १९३४ चा विमान कायदा सशस्त्र दलांच्या विमानांना लागू नव्हता, आणि जानेवारी २०२५ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय वायुयान अधिनियमाचे क्षेत्रही नागरी उड्डाणाचेच आहे. धुळ्याच्या गोंदूर विमानतळावर बॉम्बे फ्लाइंग क्लबचे विद्यार्थी जी छोटी विमाने उडवतात त्यांवर ‘व्हीटी’ या अक्षरांनी सुरू होणारी नागरी नोंदणी असते आणि त्या जातीला निर्मात्याने मिळवलेले प्रकार-प्रमाणपत्र असते. ओझरला बनलेल्या मिगला असे नागरी प्रमाणपत्र कधीच नव्हते, कारण ते मागण्याची गरजच नव्हती. निवृत्तीनंतर त्यामुळे हे विमान लष्करी चौकटीतून बाहेर पडते, पण नागरी चौकटीत त्याला प्रवेश नसतो, आणि उरतात ते दोनच मार्ग : मोड, किंवा इंजिन व शस्त्रांविना प्रदर्शनासाठी उभा केलेला सांगाडा. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रातील भारतीय बनावटीचे मारुत विमान हे या दुसऱ्या मार्गाचे चांगले उदाहरण आहे.

या चौकटीतही नागरिकाला जागा होऊ शकते, हे एका घटनेने दाखवले. हवाई दलातील निवृत्त अधिकाऱ्याचे पुत्र असलेले राजीव चंद्रशेखर यांनी परदेशात भंगारात निघालेले डाकोटा विमान २०११ मध्ये विकत घेतले, ब्रिटनमध्ये ते उडण्यायोग्य करवून घेतले आणि २०१८ मध्ये हवाई दलाला भेट दिले. ‘परशुराम’ नावाने ते हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या विशेष तुकडीत दाखल झाले, आणि २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैन्य घेऊन उतरलेल्या डाकोटाचा व्हीपी ९०५ हा क्रमांक त्याला देण्यात आला. खर्च नागरिकाचा आणि उड्डाणाची जबाबदारी हवाई दलाची, अशी ही विभागणी आहे. १९१८ मध्ये देणगीदाराला साम्राज्याच्या युद्धासाठी पैसा द्यावा लागला. शंभर वर्षांनंतर देणगी स्वतःच्या देशाच्या स्मृतीसाठी दिली गेली.

वारसा कोणाच्या हाती असावा

या साऱ्या इतिहासातून एक निष्कर्ष ठामपणे निघतो. लढाऊ विमान जिवंत ठेवणे हे मालकीपेक्षा देखभालीच्या अखंड साखळीवर अवलंबून असते, आणि ती साखळी तुटली की श्रीमंत मालकही हतबल होतो, तर ती टिकली की कानपूरच्या ढिगाऱ्यातूनही विमान उठते. दाट वस्तीच्या भारतात लढाऊ जेट खासगी व्यक्तींना उडवू देणे योग्य नाही; सॅक्रामेंटो आणि शोरहॅमचे मृत्यू त्याविरुद्ध पुरेसा पुरावा आहेत. परंतु उड्डाण आणि खांबावरचा सांगाडा यांच्या मध्ये तिसरा मार्ग आहे. इंग्लंडमधील ब्रंटिंगथॉर्प येथे ‘लाइटनिंग प्रिझर्व्हेशन ग्रुप’ या स्वयंसेवकांच्या संस्थेने लाइटनिंग या स्वनातीत जेट विमानांची इंजिने अनेक वर्षे चालू ठेवली आणि ती विमाने न उडवता धावपट्टीवर वेगाने पळवून दाखवली. यात आकाशातील धोका नाही, तरी यंत्र जिवंत राहते आणि ते चालवण्याचे ज्ञान पुढच्या पिढीकडे जाते.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ ला ६२ वर्षांच्या सेवेनंतर निरोप देण्यात आला, आणि १७ ऑक्टोबर रोजी त्याच ओझरला बनलेल्या पहिल्या तेजस एमके-१ए या स्वदेशी विमानाने उड्डाण केले. मिग बांधणारे आणि दुरुस्त करणारे कुशल हात आज नाशिक, मालेगाव, धुळे आणि जळगावच्या घरांत निवृत्त जीवन जगत आहेत, आणि त्यांचे ज्ञान कोणत्याही पुस्तिकेत पूर्ण उतरलेले नसते. ओझरला बनलेले किमान एक मिग-२१ चालत्या इंजिनासह, एखाद्या सार्वजनिक विश्वस्त संस्थेच्या ताब्यात, हवाई दल आणि कारखान्याच्या देखरेखीखाली ठेवणे हे महाराष्ट्र शासनाने, उद्योगांनी आणि या भागातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी मिळून करण्यासारखे काम आहे. स्पिटफायर आणि लिबरेटर यांच्या बाबतीत देशाने उशीर केला आणि तो वारसा इतरांनी जपला. मिगच्या बाबतीत कारखाना, कारागीर आणि विमान ही तिन्ही अजून एकाच जिल्ह्याच्या परिसरात आहेत, आणि निर्णय लांबला तर त्यांतील कारागीर सर्वांत आधी हरवतील.